४९ ओ ते नोटा : आधी मतदार म्हणून, नंतर ड्युटीवर

निवडणूक जवळ आली की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, नोटाला, म्हणजे मशीनवरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? आणि दुसरा, नोटा दाबलं की मत वाया जातं ना? पहिल्याचं उत्तर आमदारकी-खासदारकीपुरतं सरळ 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं एका शब्दात देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी हा प्रकार दोन्ही बाजूंनी बघितलाय, नोटा नव्हतं तेव्हा नकार नोंदवायला गेलेला मतदार म्हणून आणि नंतर शिक्षक झाल्यावर निवडणूक ड्युटीवर.

२००९ च्या विधानसभेची गोष्ट आधी सांगतो. मुंबईच्या हल्ल्यानंतरचं वर्ष होतं, राजकारण्यांवर लोक प्रचंड चिडलेले, आणि त्या काळात एक ईमेल जिकडेतिकडे फिरत होता की ४९ ओ नावाचा नियम आहे, बूथवर जाऊन सांगायचं की मला कोणालाच मत द्यायचं नाही, आणि अशा लोकांची संख्या जास्त झाली तर निवडणूक रद्द होऊन तेच उमेदवार परत उभे राहू शकत नाहीत. यातला नियम खरा होता, पुढचं सगळं खोटं होतं. निवडणूक रद्द वगैरे काही होत नव्हतं, तुमच्या नावासमोर फक्त एक शेरा लिहिला जायचा. मी तेव्हा नियम शोधून वाचला होता, त्यामुळे निवडणूक रद्द होईल या आशेनं मी गेलोच नव्हतो. उमेदवारांपैकी एकालाही मत द्यावंसं वाटत नव्हतं आणि घरी बसून राहणंही पटत नव्हतं, एवढंच.

रांगेत उभा राहिलो, पहिल्या साहेबांनी यादीत नाव बघून मोठ्यानं वाचलं, उमेदवारांच्या एजंटांनी आपापल्या यादीत खूण केली, दुसऱ्या टेबलावर बोटाला शाई लागली, रजिस्टरवर सही झाली. आणि तिथं मी म्हणालो, मला ४९ ओ खाली नोंद करायचीये, मत द्यायचं नाहीये. साहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी चिठ्ठी पुढं केली, म्हणाले आत जा, बटण दाब. मी परत सांगितलं. मग त्यांनी केंद्राध्यक्षांकडे बघितलं, केंद्राध्यक्षांनी हँडबुक काढलं, पानं उलटायला लागले, आणि तोवर भिंतीला टेकून बसलेले सगळे एजंट माझ्याकडे बघायला लागले. एकानं विचारलं, काय रे, कुणाशी वाकडं आलंय का तुझं? मागं रांगेतून आवाज, अरे लवकर आटपा. त्या माणसांचा काही दोष नव्हता, ट्रेनिंगमध्ये या नियमावर कुणी भर देत नसावं, पण मी तिथं गुन्हा कबूल करायला आल्यासारखा उभा होतो. शेवटी नियम सापडला, माझ्या नावासमोर शेऱ्याच्या रकान्यात मत देण्यास नकार असं लिहिलं गेलं, त्यासमोर परत एक सही, आणि मी बाहेर.

संध्याकाळी वडील घरी आले तेच मुळी तो विषय घेऊन. पारावर कुणीतरी त्यांना विचारलं होतं, भाऊ, तुमच्या पोरानं बूथवर काय लिहून दिलं? म्हणजे सही वाळायच्या आत बातमी गावभर. आमच्या घरची मतं कुणाची धरायची याचा ज्याचा त्याचा हिशेब होता, तो एका शेऱ्यानं बिघडला. पुढं कुणी मारहाण केली असं नाही, पण एका कामासाठी दाखला हवा होता तेव्हा, तुम्हाला कशाला आमची गरज, हे वाक्य वडिलांना ऐकून घ्यावं लागलं. मला त्या दिवशी नीट समजलं की मत गुप्त ठेवायचं ते कशासाठी. ज्यानं मत दिलंय त्याला तर ती गुप्तता होतीच, ज्यानं नाकारलंय त्याला नव्हती. आणि नाकारणाऱ्याला खरं तर ती जास्त लागते, कारण त्याच्यावर एक उमेदवार नाही, सगळेच नाराज होतात.

हाच मुद्दा घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना २००४ सालीच सुप्रीम कोर्टात गेलेली होती, मला तेव्हा याचा पत्ता नव्हता. २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल आला. सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांचं खंडपीठ होतं. ४९ ओ मध्ये गुप्तता मोडते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ गुप्तता राखायला सांगतं, आणि कोणालाही न निवडणं हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे, म्हणून मशीनवर तसं बटण द्या, असं कोर्टानं आयोगाला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोराम या पाच ठिकाणी ते बटण पहिल्यांदा आलं. लक्षात घ्या, निकाल गुप्ततेवर होता. नोटा जिंकलं तर काय, यावर नव्हता. आज जो सगळा गोंधळ आहे तो इथूनच सुरू होतो, लोकांना वाटलं नाकारण्याचा अधिकार मिळाला, मिळाली होती गुपचूप नाकारण्याची सोय. ती सोय मी लहान मानत नाही, २००९ चा दिवस बघितलेला माणूस मानणारच नाही.

२०१४ च्या लोकसभेला मी नोटा दाबलं. शेवटच्या उमेदवाराच्या खालची ओळ, 'वरीलपैकी कोणीही नाही' असं छापलेलं. तेव्हा त्यासमोर चिन्ह नव्हतं, काळी फुली असलेली मतपत्रिका हे चिन्ह २०१५ मध्ये आलं, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेनं केलेलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, बाहेर बीप वाजला, चालत घरी. एजंटांपैकी एकानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्या निवडणुकीत देशभर साठ लाखांच्या आसपास लोकांनी नोटा दाबलं होतं, म्हणजे मी काही जगावेगळं केलं नव्हतं.

मग नोकरी लागली आणि ड्युट्या सुरू झाल्या. शिक्षकाला त्या चुकत नाहीत. टेबलापलीकडे बसल्यावर नोटाच्या काही गोष्टी कळल्या ज्या मतदाराला कधी दिसत नाहीत, त्यासाठी २०२४ च्या विधानसभेचा दिवस सांगतो, तेव्हा मी केंद्राध्यक्ष होतो.

सातला मतदान सुरू म्हणजे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं चाचणी मतदान. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या गर्दीत पेट्या घ्यायच्या, एसटीत बसायचं, शाळेत मुक्काम, झोप जेमतेम. पहाटे एजंट येतात, बटणांचं बॅलेट युनिट, दिलेलं मत चिठ्ठीवर दाखवणारं व्हीव्हीपॅट, मतं साठवणारं कंट्रोल युनिट जोडायचं आणि किमान पन्नास मतं टाकून दाखवायची, प्रत्येक उमेदवाराला काही पडलीच पाहिजेत. उमेदवारांची बटणं त्यांचे एजंट दाबतात. नोटाला एजंट नसतो. ते बटण आपल्यापैकीच कुणीतरी दाबायचं असतं. माझ्या टीममधल्या तिसऱ्या अधिकाऱ्यानं दाबलं, व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसली, मी एजंटांना म्हणालो बघून घ्या, तर एक जण म्हणतो, सर त्याचं कशाला बघायचं, ते आपलं नाही. मी म्हणलं, ते इथल्या एकाचंही नाही म्हणूनच नीट बघा. मग कंट्रोल युनिटवरची बटणं, क्लोज, रिझल्ट, क्लिअर. आकडे जुळवायचे, चिठ्ठ्या काढून मागं मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. पन्नास मतांत नोटाची जी होती ती बरोबर तेवढीच निघाली. मला ते बघून बरं वाटलं, खरंच सांगतो, कारण या बटणासाठी भांडायला कुठलाच पक्ष येणार नसतो, ते नीट चालतंय की नाही हे बघायचं काम आमच्यावरच असतं.

अजून एक बारीक गोष्ट. एका बॅलेट युनिटवर सोळा बटणं असतात आणि त्यातलं शेवटच्या नावाखालचं नोटाचं. म्हणजे उमेदवार पंधरापर्यंत असतील तर एका मशीनवर भागतं. बरोबर सोळा झाले तर नोटाच्या एकट्या बटणासाठी दुसरं मशीन जोडावं लागतं. ट्रेनिंगला हे ऐकून काही जण हसले होते, मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही, कोणीही नको म्हणणाऱ्यासाठी शासन अख्खं मशीन वाहून आणतं ही साधी गोष्ट नाही.

साडेदहाच्या सुमारास भरपूर गर्दी असताना एक आजी आल्या. शाई लागली, चिठ्ठी घेतली, आणि आत जायच्या ऐवजी माझ्या टेबलापाशी आल्या. गुरुजी, म्हणाल्या, यातला एकबी नको आसंल तर काय दाबायचं? सगळ्यांनी ऐकलं. एजंट सावध झाले. आमच्याकडे पुठ्ठ्याचं एक नमुना बॅलेट युनिट दिलेलं असतं, मतदाराला समजत नसेल तर मतदान कक्षाच्या बाहेर, एजंटांच्या समोर, त्यावर दाखवता येतं. मी ते काढलं आणि वरपासून खालपर्यंत दाखवलं, आजी ही सगळी नावं, ज्याला द्यायचं त्याच्यासमोरचं बटण, आणि ही सगळ्यात खालची ओळ, कोणीच नको असेल तर ही. एक एजंट लगेच उठला, सर तुम्ही नोटाचा प्रचार करताय. मी त्याला बसवलं, म्हणलं दादा, मतपत्रिकेवर छापलेली ओळ दाखवणं म्हणजे प्रचार नाही, मी सगळ्या ओळी दाखवल्या. आजी आत गेल्या. बराच वेळ गेल्या होत्या. मग बीप वाजला.

आणि तो बीप सगळ्यांना सारखाच असतो. त्यांनी शेवटची ओळ दाबली, का मधलंच एखादं नाव बघून विचार बदलला, हे मला माहीत नाही, एजंटला माहीत नाही, त्यांच्या घरच्यांनाही नाही. त्यांनी सगळ्यांसमोर तोंडानं विचारलं होतं तरी आत काय झालं ते आतच राहिलं. २००९ ला माझ्या नावासमोर शाईनं लिहिलेलं वाक्य आणि हा बीप, यात जेवढा फरक आहे तेवढं काम त्या निकालानं केलं.

बाय द वे, ४९ ओ अजून नियमात आहे बरं का. रजिस्टरवर सही करून एखादा म्हणाला मी मशीनपर्यंत जाणारच नाही, तर आजही शेरा लिहावा लागतो आणि १७ सी या मतांच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये अशा लोकांचा आकडा वेगळा भरावा लागतो, नाहीतर रजिस्टरवरच्या सह्या आणि मशीनमधली मतं यांचा ताळा बसत नाही. त्यामुळे माझी विनंती आहे की रागाच्या भरात हे करू नका. नोटा मशीनमध्ये मोजलं जातं आणि उमेदवारांच्या आकड्यांबरोबर निकालपत्रात येतं, शेरा फक्त आमच्या फॉर्ममध्ये राहतो. आम्हा ड्युटीवाल्यांच्या टपाली मतपत्रिकेवरही नोटाची ओळ असते. ती कोरी पाठवली तर बाद होते, नोटासमोर खूण केली तर मोजली जाते. नाराजी तीच, पण एक बाद गठ्ठ्यात जाते आणि दुसरी आकड्यात.

आता वाया जाण्याचा प्रश्न. निकालानंतर बूथवार आकडे असलेला फॉर्म २० जाहीर होतो, मी तो दर वेळी उघडून बघतो. माझ्या बूथवर नोटासमोरचा आकडा काही अपक्षांच्या आकड्यापेक्षा मोठा होता. पण त्याचा निकालावर परिणाम शून्य. नोटाला शंभरातली नव्याण्णव मतं पडली आणि उरलेलं एक मत एखाद्या उमेदवाराला पडलं, तर तो उमेदवार आमदार होतो, कायदा आज असाच आहे. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात, त्या वैध मतांतसुद्धा नोटा धरत नाहीत. म्हणजे आपण दिलेला नकार उमेदवाराला हरवत तर नाहीच, त्याचे दहा हजारसुद्धा बुडवत नाही.

आणि हे कागदावरचं उदाहरण नाही, आपल्याच राज्यात नोटा दुसऱ्या नंबरवर येऊन झालंय. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांच्या वर मतं, दुसरा नंबर. त्याच वेळी पलूस-कडेगावात वीस हजारांच्या वर, तिथंही दुसरा. २०२२ ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं माघार घेतली आणि १२,८०६ लोकांनी नोटा दाबलं, परत दुसरा नंबर. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागं घेतला तेव्हा २,१८,६७४ मतं नोटाला पडली, देशातला सगळ्यात मोठा आकडा. दोन लाख माणसं उन्हात रांगा लावून सांगून गेली, हे आम्हाला मान्य नाही. निकाल जसा लागायचा तसाच लागला.

महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये एक पाऊल पुढं टाकलं, ते फारसं कुणाला माहीत नसतं. स्थानिक निवडणुकांसाठी त्यांनी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. पुन्हा तेच झालं तर मात्र नोटा सोडून ज्याला जास्त मतं तो विजयी. हरियाणानं तर पुढं जाऊन नोटापेक्षा कमी मतं पडलेल्यांना फेरनिवडणुकीत उभं राहता येणार नाही असं ठरवलं. व्हॉट्सॲपवर जे नोटानं निवडणूक रद्द होते म्हणून फिरतं, त्यातला खरा भाग असला तर एवढाच, स्थानिक निवडणुकीपुरता. बाहेर कोलंबियात कोऱ्या मताला निम्म्याहून जास्त मतं पडली तर नवे उमेदवार घेऊन परत निवडणूक घ्यावी लागते, आणि अमेरिकेतल्या नेवाडात १९७५ पासून 'यापैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे पण तो जिंकला तरी त्याच्या खालोखाल मतं मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, म्हणजे आपल्यासारखंच. दोन्ही पद्धती जगात चालू आहेत.

विरोधातले मुद्दे मला मान्य आहेत, ड्युटी करणाऱ्याला तर जास्तच. परत निवडणूक म्हणजे परत तेवढा खर्च, तेवढीच माणसं, शाळा परत बंद. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात नाकारण्याच्या अधिकाराची शिफारस केलीच नाही. ठीक आहे, लगेच सगळीकडे फेरनिवडणूक नको म्हणा. पण एका ठिकाणी मला कुठलंच कारण पटत नाही, आणि ते म्हणजे बिनविरोध.

२०२४ लाच सुरतमध्ये काय झालं? काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि भाजपचा उमेदवार मतदानाआधीच खासदार झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ चं दुसरं पोटकलम असं आहे की जागेइतकेच उमेदवार उरले तर लगेच निवडून आल्याचं जाहीर करायचं. इंदूरमध्ये निदान बाकीचे उमेदवार उरले होते म्हणून मशीन लागलं आणि लोकांना नाही म्हणता आलं. सुरतच्या मतदाराला ते बटणच मिळालं नाही. ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याच दिवशी ते नव्हतं. या कलमाविरुद्ध विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं सुप्रीम कोर्टात याचिका केलीये, ती मला अगदी योग्य वाटते.

आपल्याकडे गावोगाव बिनविरोधचं केवढं कौतुक असतं बघा. फ्लेक्स लागतात, गावाची एकी म्हणून सत्कार होतात, कुठे आमदार निधी जाहीर करतात. काही ठिकाणी खरी एकी असते, मी नाही म्हणत नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली होती, हेही आपल्याच राज्यातलं आहे. चार माणसांनी पारावर बसून ठरवलं आणि बाकीच्यांनी अर्ज भरले नाहीत, तर त्या बाकीच्यांना खरंच मान्य आहे का हे विचारणार कोण, आणि सगळ्यांसमोर हात वर करून नाही म्हणायची हिंमत करणार कोण? मी एकदा केली होती, वडिलांना ऐकून घ्यावं लागलं.

म्हणून एकच अर्ज उरला तरी मतदान घ्या, एवढं माझं मागणं आहे. ते झालं तर साडेपाचला उठून मॉक पोल करायला मी कधीही तयार आहे. वर एक नाव, खाली नोटा, पडदा लावलेला कोपरा, आणि त्या एका नावाला नोटापेक्षा एक जरी मत जास्त पडलं तर खुशाल बिनविरोधचा फ्लेक्स लावा, वर्गणी मी पण देईन.